नाशिकमध्ये कंबरदुखी मागे लागलीय? पाठ 'कट्ट' करून घ्यायच्या आधी हे वाचा

नाशिकमध्ये कोणालाही सांगा कंबर दुखतेय म्हणून, पाच मिनिटांत तीन पत्ते हातात पडतात. एक हाडवैद्याचा, एक कुठल्यातरी तेलाचा, आणि हल्ली तिसरा हमखास कायरोप्रॅक्टिकवाल्याचा, म्हणजे हाताने मणक्याला झटका देऊन उपचार करणाऱ्याचा, त्याच्यासोबत एक रील पण येते, माणूस टेबलावर पालथा, वरून एक दणका, कट्ट आवाज आणि तो उठून हसतोय. मी हे तिन्ही पत्ते फिरून आलोय. पंचवटीतून अंबड एमआयडीसीत रोज बाईकवर जाणं-येणं, मधे द्वारका आणि मुंबई नाका, मग आठ तास मशीनसमोर उभं, कंबरेला आता साडेसहा वर्षं झाली. आज दुखणं शून्य झालंय असं नाही, पण कामावर जातो, पोरीला उचलून घेतो, रात्री झोप लागते. मधे माझे जे पैसे आणि जे महिने गेले ते ज्यांचं दुखणं आत्ता सुरू झालंय त्यांचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे औषधाचं जे काय असेल ते तुमच्या डॉक्टरला विचारूनच करा.

पहिलं काम: धोक्याचं काही नाही ना ते बघून घ्या

कोणाच्याही टेबलावर पालथं पडायच्या आधी एकदा एमबीबीएस किंवा हाडांच्या डॉक्टरला दाखवा. बहुतेकांना काही गंभीर निघत नाही, पण ज्या थोड्या लोकांना निघतं त्यांच्या पाठीवर दणके देणं म्हणजे खेळ नाही.

लघवी-संडासवरचा ताबा गेला, किंवा लघवी होतच नाहीये, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिर वाटतंय, पाय लुळा पडत चाललाय, असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. तिथे नसांचा गठ्ठाच दाबला गेलेला असू शकतो आणि तासांचा हिशोब असतो. उंचावरून पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, आधी कॅन्सर होऊन गेलेला, बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालू, वय झालेली बाई आणि हाडं ठिसूळ, हे पण डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा.

आणि आपल्याकडे एक गोष्ट विसरायचीच नाही, मणक्याचा टीबी. टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो पण मणक्याला टीबी झालेल्या माणसाला खोकला असेलच असं नाही. माझ्या आतेभावाला संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत होतं, रात्री पाठ दुखून जाग यायची आणि घरचे दोन महिने त्याला मालिश करायला नेत होते. शेवटी एका डॉक्टरने एमआरआय करायला लावला तेव्हा कळलं की दोन मणके पोखरलेत. त्या पाठीवर कोणी जोराचा झटका दिला असता तर काय झालं असतं याचा विचार करून अजून अंगावर काटा येतो. टीबीची औषधं सरकारकडून फुकट मिळतात, तो पूर्ण कोर्स करून बरा झाला.

अजून एक, वय विशी-तिशीतलं, सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास-तासभर लाकडासारखी आखडलेली, आणि हालचाल केली की मोकळी होते पण आराम केला की वाढते, असं तीन महिन्यांच्या वर चाललं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरकडे जा. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा आजार असाच सुरू होतो आणि त्याला वेगळी औषधं आहेत. पोरांची यात कितीतरी वर्षं वाया जातात कारण सगळे म्हणतात बाईक जास्त चालवतोस म्हणून होतं.

रिपोर्ट हातात आल्यावर घाबरू नका

वरचं काहीच नसेल तर लगेच एमआरआय करायची गरज बहुतेक वेळा नसते. पण आपण करतोच, मी पण केला. रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं डिस्क बल्ज, डिजनरेशन, म्हणजे दोन मणक्यांच्या मधली गादीसारखी चकती फुगलीय, झिजलीय, आणि घरात सगळ्यांनी एकच वाक्य धरलं, "मणक्यात गॅप आलीय." त्या दिवसापासून आईने मला पाण्याची कळशी उचलू दिली नाही. आणि खरं सांगतो, दुखणं त्या रिपोर्टनंतर वाढलं, कारण मी वाकणंच सोडून दिलं होतं.

मला हे आकडे कोणीतरी तेव्हाच सांगायला हवे होते. २०१५ साली एक अभ्यास छापून आला, त्यात ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले होते. विशीतल्या लोकांमध्ये ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ८० वर्षांच्या लोकांमध्ये ९६ टक्क्यांच्या. चकती फुगलेली, म्हणजे तोच आपला बल्ज, विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. परत सांगतो, हे दुखत नसलेले लोक. केस पांढरे होतात तशी चकती झिजते. म्हणजे रिपोर्ट खोटा असतो असं नाही, आणि पायात कळ जाते, बोटं सुन्न पडतात अशा वेळी तो कामाचा असतोच, पण नुसती कंबर दुखणाऱ्या माणसाचं दुखणं त्या कागदावरून सांगता येत नाही.

त्या 'कट्ट' आवाजात नक्की असतं काय

इथे जरा थांबून वाचा कारण पैसे इथेच जातात.

मी गेलो होतो ती जागा छान होती, एसी, समोर ट्रायपॉडवर मोबाईल लावलेला. आधी पालथं झोपवून माझे दोन्ही बूट जुळवून दाखवले, "हे बघा, डावा पाय आखूड झालाय." मग एक्स-रे वर लाल पेनाने तीन रेषा मारल्या, तीन मणके सरकलेत म्हणाले. मग कुशीवर वळवलं, वरचा गुडघा खाली दाबला, खांदा मागे, आणि एक झटका. आवाज एवढा मोठा आला की बाहेर बसलेल्या बायकोला ऐकू गेला. उठलो तेव्हा खरंच हलकं वाटत होतं, पाय सारखे दिसत होते, आणि मी तिथल्या तिथे बारा सिटिंगचं पॅकेज घेतलं, अठरा हजार. चौथ्या दिवशी दुखणं होतं तिथे. मला सांगितलं की मणका परत सरकला, अजून यावं लागेल. मी सात वेळा गेलो.

आता तो आवाज. सांध्याच्या आत वंगणासारखं पाणी असतं, सांधा एकदम ताणला की आतला दाब पडतो आणि त्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते, आवाज त्याचा. २०१५ मध्येच कॅनडात बोटाचा सांधा ओढत असताना एमआरआय काढून हे बघितलेलं आहे. तुम्ही बोटं मोडता तेव्हा येतो तोच आवाज. त्यात कुठलंही हाड जागेवर बसत नाही. झटक्यानंतर बरं वाटतं ते पण खोटं नाही, स्नायू थोडा वेळ सैल पडतात, दुखणं थोडा वेळ दबतं, आणि कोणीतरी आपल्या दुखण्याला हात लावला याचा आधार वाटतो. पण ते काही तास किंवा काही दिवस. आणि पाय आखूड? पालथं झोपताना कंबर जराशी तिरकी पडली, किंवा बूट धरणाऱ्याने जरा वेगळा ओढला, तरी एवढा फरक दिसतो. माझ्या फिजिओ मॅडमनी टेपने मोजून दाखवला, दोन्ही पाय सारखे.

हे सगळं सुरू कुठून झालं ते पण माहीत असू द्या. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा माणूस चुंबकीय उपचार करायचा, त्याने हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा दावा केला. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीत येतच नाही. तरी त्यावरून त्याने सिद्धांत मांडला की ९५ टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, या सरकण्याला ते सबलक्सेशन म्हणतात. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टर लोकांची कायद्याने नेमलेली कौन्सिल आहे, त्या कौन्सिलनेच २०१० मध्ये सांगितलं की सबलक्सेशनमुळे रोग होतात असं म्हणायला संशोधनाचा पुरावा नाही. तुम्हाला कोणी मणका सरकलाय म्हणून शुगर, दमा, पाळीचा त्रास, पोरांचं रात्री अंथरुणात लघवी करणं बरं करतो म्हणालं तर तिथून उठा.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर ते अर्धवट होईल. फक्त कंबरदुखीपुरतं बोलायचं तर मणक्याला हाताने झटका देण्याचा, म्हणजे मॅनिप्युलेशनचा, थोडा फायदा अभ्यासात दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम, समजावून सांगणं, मनाच्या उपचारांसोबत मॅनिप्युलेशन पण एक पर्याय म्हणून आहे. पण फायदा किती, तर व्यायामाने किंवा इतर चांगल्या उपचाराने होतो तेवढाच, जास्त नाही. व्यायाम तुम्ही घरी सतरंजीवर फुकट करू शकता आणि तो आयुष्यभर तुमच्याजवळ राहतो, झटका दुसऱ्याच्या हातात राहतो. माझा आक्षेप आहे तो हाच.

आपल्याकडे गावाकडे चमक भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. माझी आजी पण करायची. आणि लोकांना बरं वाटायचं, कारण नव्याने भरलेली चमक बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते, मधे जे कोणी पाय लावेल त्याला श्रेय मिळतं. कायरोप्रॅक्टिकच्या बऱ्याच "मला फरक पडला" मागे पण हेच असतं. दुखणं अगदी टोकाला गेलं की आपण जातो, आणि टोकानंतर ते तसंही उतरणारच असतं.

तरीही जायचंच असेल तर

मानेला झटका देऊ द्यायचा नाही. यावर माझी अजिबात तडजोड नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्याच भोकांतून वर जातात, मान झटक्यात फिरवल्यावर त्यांचं आतलं अस्तर फाटून स्ट्रोक झाल्याच्या केसेस डॉक्टरी नोंदींत आहेत. क्वचित होतं, मान्य, पण कंबर दुखते म्हणून गेलेल्या माणसाने मानेसाठी हा धोका का घ्यायचा? टॉवेल किंवा पट्टा हनुवटीखाली अडकवून डोकं ओढतात तो रीलवाला प्रकार पण नको. आणि अचानक, आधी कधी नव्हती अशी मान दुखते, सोबत डोकं, चक्कर, बोलताना जीभ अडखळते, तर तिथे जायचंच नाही, हॉस्पिटल गाठायचं.

समोरच्याला विचारा की तुमची डिग्री काय आणि रजिस्ट्रेशन कुठलं. लाजू नका, आपण मेकॅनिकला सुद्धा विचारतो. फिजिओथेरपीची डिग्री चार वर्षांच्या वरची असते, महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी राज्याची परिषद आहे, आणि आपलं आरोग्य विद्यापीठ तर इथेच म्हसरूळला आहे, त्यामुळे शिकलेले फिजिओ नाशिकमध्ये कमी नाहीत. कायरोप्रॅक्टरसाठी अशी सरकारी परिषद आपल्याकडे नाही. परदेशात चार-पाच वर्षं शिकून आलेले पण ती पाटी लावतात आणि चार दिवसांचं वर्कशॉप करून आलेले पण लावतात, बाहेरून दोघांची पाटी सारखीच दिसते.

पॅकेज घ्यायचं नाही, एका वेळेचे पैसे द्या. चार-सहा वेळात चालणं, झोप, काम यात फरक नाही पडला तर बंद. "मेंटेनन्ससाठी दर महिन्याला या" याला सरळ नाही म्हणा.

मग करायचं काय

चालायचं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी एवढं लिहिलं का असं वाटेल, पण २०२४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला ७०१ लोकांचा अभ्यास छापून आलाय, कंबरदुखीतून नुकते बाहेर आलेले लोक, अर्ध्यांना फिजिओच्या मदतीने हळूहळू चालणं वाढवायला लावलं, अर्ध्यांना काहीच नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांनी परत आलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांनी. टार्गेट होतं आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, सहा महिन्यांत हळूहळू तिथपर्यंत जायचं. मी तपोवनाकडे दहा मिनिटांपासून सुरू केलं, पहिल्या आठवड्यात दुखलं, तरी दहाच मिनिटं, ना कमी ना जास्त, पुढच्या आठवड्यात बारा. सिडको, कॉलेज रोडकडचे लोक गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर जातात, तिथे सकाळी साठी-सत्तरीची माणसं बघून आपल्यालाच धीर येतो.

दुसरं, ताकद. फिजिओ मॅडमनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, घरी पाण्याचा जार कोण उचलतं?" मी म्हटलं मिसेस. त्यांनी कोपऱ्यातला रिकामा जार समोर ठेवला आणि म्हणाल्या उचला. मी श्वास रोखला, पाठ ताठ केली, चेहरा वाकडा झाला, रिकामा जार हो! त्या म्हणाल्या, "दुखायच्या आधीच तुम्ही आवळून धरताय सगळं, श्वास सोडत उचला." तीन महिन्यांत अर्ध्या भरलेल्या जारपर्यंत आलो, मग पूर्ण वीस लिटर. त्यांनी मला समजावलं ते असं, भाजलेल्या हातावर कोमट पाणी पडलं तरी चटका बसतो, पाणी गरम नसतं, कातडी हळवी झालेली असते. खूप दिवस दुखलेल्या पाठीच्या नसा तशा हळव्या होतात, वाकण्यासारख्या साध्या गोष्टीला पण कळ मारतात. कळ आली म्हणजे आत काहीतरी तुटलं असं नाही. आणि हळवेपणा थोडं थोडं करूनच जातो, जपून ठेवून नाही जात. हे माझ्या डोक्यात बसलं तेव्हापासून खरा फरक पडायला लागला. कुठला व्यायाम, तर खुर्चीतून उठ-बस, पूल म्हणजे पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, हातात वजन घेऊन वाकणं, ज्याला जो जमेल आणि जो तो रोज करेल तो. अमुकच आसन पाहिजे असं काही नाही.

तिसरं, काम घड्याळाने मोजायचं, दुखण्याने नाही. माझे मेव्हणे दिंडोरीला द्राक्षवाले, ऑक्टोबर छाटणीला मांडवाखाली दिवसभर हात वर आणि पाठ मागे वाकलेली. ते आधी दुखेपर्यंत छाटायचे आणि मग दोन दिवस खाटेवर. आता मोबाईलला चाळीस मिनिटांचा गजर लावतात, वाजला की कात्री खाली, दहा मिनिटं दुसरं काहीतरी, पाईप बघ, काड्या गोळा कर, मग परत. बरं वाटत असलं तरी गजर वाजला की थांबायचं, अवघड भाग हाच आहे.

झोपायचं थोडं बघा. रात्रपाळीच्या आठवड्यात माझी कंबर जास्त दुखते, दर वेळी. घरात टेन्शन, हप्ते थकलेले, तेव्हा पण. दुखणं मनाचं आहे असं मी म्हणत नाहीये, दुखणं पाठीतच आहे, पण झोप आणि काळजी त्याचा आवाज कमी-जास्त करतात, म्हणून गरज लागली तर समुपदेशकाकडे जायला कमीपणा मानू नका.

पट्टा, म्हणजे कंबरेचा बेल्ट, आणि वजन लावून ओढणं, ते ट्रॅक्शन, या दोन्हींना त्याच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत जुन्या कंबरदुखीसाठी नाही म्हटलंय. माझा बेल्ट कपाटात पडलाय. पेनकिलर डॉक्टरने सांगितली तर थोडे दिवस, मेडिकलवरून आपल्या मनाने आणून रोज नाही, किडनी, ॲसिडिटी, बीपी सगळ्याला त्रास होतो.

दुखणं उसळलं त्या दिवशी

ते उसळणारच, वर्षातून दोन-तीनदा. त्यासाठी फ्रिजवर कागद चिकटवून ठेवलाय, कारण त्या दिवशी डोकं चालत नाही आणि हात परत त्या रीलकडे जातो. कागदावर एवढंच आहे: आधी धोक्याची लक्षणं बघ. नसतील तर गरम पाण्याची पिशवी. एक दिवसाच्या वर झोपून राहायचं नाही, दर तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं. चालणं बंद नाही, निम्मं. व्यायाम बंद नाही, निम्मा. तीन दिवसांनी परत हळूहळू वाढव. दोन आठवड्यांत उतरलं नाही तर मॅडमना फोन. खाली पोरीने स्वतःहून लिहिलंय, "पप्पा, मला मांडीवर घेतलं तरी चालतं."

पॅकेजमधली माझी पाच सिटिंग शिल्लक होती. पैसे परत मागितले, नाही म्हणाले, तुमची कोणाची अशी राहिली असतील तर पावती आणि पॅकेजचा कागद जपून ठेवा, लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तरी नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आणि पैसे अडकलेत म्हणून ती उरलेली सिटिंग संपवायला मात्र जाऊ नका.